काठावर पास!

टाइल निवडायला आपल्याला तीन वीकेंड लागतात. पहिला शोरूम्स पालथ्या घालण्यात. दुसरा आईला, सासूबाईंना आणि ऑफिसातल्या त्या एका ‘टेस्ट चांगली’ असलेल्या मैत्रिणीला फोटो पाठवण्यात. आणि तिसरा पुन्हा पहिल्याच शोरूममध्ये, कारण शेवटी पहिल्यांदा आवडलेलीच टाइल घ्यायची असते! बरं, ही टाइल भिंतीवर जिथे संपते, तिथे काय करायचं हे ठरायला किती वेळ लागतो? तीन सेकंद. ते ठरवतो मिस्त्री. तेही आपण ऑफिसात असताना.

खोटं वाटत असेल तर जरा उठा आणि स्वतःच्या किचनमध्ये जाऊन बघा. ओट्यामागची टाइल समोरून झकास दिसते. आता फ्रिजच्या बाजूने, भिंतीला गाल लावून बघा. टाइलची उघडी कड दिसेल. बोटभर जाड, कुठे विटकरी, कुठे मळकट पांढरी, मध्ये सिमेंटचे फुगे, आणि त्यावर रंगाऱ्याने घाईत मारलेला ब्रश. अख्ख्या किचनवर एवढा खर्च केला, पण ही अर्ध्या इंचाची रेघ मात्र काठावर पास!

माझी एक मैत्रीण नाशिकला नोकरी करते. नाशिकमधले भाव बजेटमध्ये बसेनात म्हणून तिने सिन्नरला टू-बीएचके घेतला. तीसेक किलोमीटरचं अंतर, पुणे हायवे हाताशी, मुसळगाव आणि माळेगावच्या एमआयडीसीमुळे गाव जागं. शिवाय समृद्धी महामार्गाचा शिर्डी-भरवीर टप्पा मे २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून तर ‘आम्ही आता सेंटरला आहोत’ असं सिन्नरकर ऐकवतात. फ्लॅट छान आहे. ‘एल’ आकाराचा ओटा, वर काळा ग्रॅनाइट, पूर्वेला खिडकी. बिल्डरने दिलेली टाइल तिने काढून टाकली आणि निळसर राखाडी, मॅट फिनिशची १२ बाय १८ लावून घेतली. सुंदर दिसत होती. फक्त उजवीकडे ओटा संपतो, तिथून पुढे फ्रिजची जागा आणि मग दार. म्हणजे दारातून आत पाऊल टाकलं की पहिलं दर्शन टाइलच्या लालभडक मातीच्या कडेचं.

मिस्त्रींचं उत्तर तयार होतं. ‘व्हाइट सिमेंट भरून देतो ना ताई. कलर मारला की कळत पण नाही.’ भरून दिलं. पहिले पंधरा दिवस खरंच कळत नव्हतं. मग त्या पांढऱ्या रेघेवर पिवळ्या छटा उमटायला लागल्या. हळद! फोडणी कढईत पडते, पण तिचा अंश भिंतीवर जातोच. दोन महिन्यांत ती रेघ जुन्या रुमालासारखी दिसायला लागली. तिने मिस्त्रींना फोन केला, तर ते शांतपणे म्हणाले, ‘पट्टी पाहिजे होती तर आधी सांगायचं ना ताई. आता टाइल बसली.’

राग येतो, पण माणूस बरोबर बोलत होता. कडेचे जे चांगले उपाय आहेत त्यातले बहुतेक पहिली टाइल चिकटण्याआधीच करता येतात. नंतर उरतात ते जुगाड.

कड एवढी का बिघडते, हे कळायला टाइल म्हणजे काय ते जरा बघू या. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल म्हणजे भाजलेली माती आणि तिच्या फक्त तोंडावर काचेसारखा पातळ थर, म्हणजेच ग्लेझ. डाग बसत नाहीत, पाणी शिरत नाही, ते या थरामुळे. आतली माती मात्र सच्छिद्र असते. भिंतीच्या टाइलची माती स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहूनही जास्त पाणी पिऊ शकते. व्हिट्रिफाइड टाइलमध्ये हेच प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत असतं. म्हणजे आपण ज्या टाइलला ‘पुसली की झालं’ म्हणतो, तिची पुसता येणारी बाजू एकच. कड उघडी राहिली तर तेल, हळद, वाफ, सगळं तिथून आत. वर ती कड भिंतीच्या पुढे आलेली असते. टाइल आठ-नऊ मिलिमीटर, खाली अॅडेसिव्ह तीन ते सहा मिलिमीटर. सिमेंटच्या मालावर बसवली असेल तर त्याहून जास्त. हा छोटासा कठडा धूळ धरतो, फडकं अडकवतो, आणि एक दिवस कुकरचा दांडा लागून त्याची खपली उडते.

गंमत म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न पूर्वी नव्हताच. टाइल नव्हती म्हणून नव्हे हं, कड उघडी ठेवायची पद्धतच नव्हती म्हणून. मातीच्या घरात भिंत पांढरी आणि तळाला गेरूचा पट्टा ओढलेला असायचा. तो पट्टा सारवणाचे डाग लपवायचा आणि भिंतीचा शेवटही सांगायचा. नंतर चाळी, शाळा, सरकारी दवाखाने आले. वर चुना, खाली खांद्याइतका हिरवट नाहीतर तपकिरी ऑइलपेंट, आणि दोन्हींच्या मधे बोटभर गडद रेघ. आठवते ती रेघ? रंगारी दोरी धरून, श्वास रोखून मारायचे. तिचं काम एकच होतं, दोन वेगळ्या गोष्टी जिथे भेटतात ती जागा नीट बंद करणं.

फरशीतही तेच. मुंबईची भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी १९२२ सालची. अशा नक्षीदार सिमेंट टाइल्सच्या जुन्या फरश्या बघितल्या तर मधली नक्षी थेट भिंतीला जाऊन आदळत नाही. भोवती बॉर्डर असते, आणि बॉर्डर वळते तिथे कोपऱ्याची टाइल वेगळी. नक्षी संपण्याची सोय कारखान्यातूनच यायची. पुढे १९५८ मध्ये एच. अँड आर. जॉन्सन ही कंपनी भारतात सुरू झाली आणि चकचकीत ग्लेज्ड टाइल हळूहळू मध्यमवर्गाच्या मोरीत आणि मग किचनमध्ये शिरली. २००० च्या आसपासचे फ्लॅट आठवा. ८ बाय १२ ची बदामी टाइल, मधूनमधून द्राक्षांचे घड किंवा कपबशी-किटली छापलेली ‘हायलायटर’ आणि सगळ्यात वर तीन इंचांची बॉर्डर. आज आपण त्या द्राक्षांना हसतो (नाशिककरांनी तरी हसू नये!), पण ती बॉर्डर निदान ‘इथे टाइल संपली’ असं सांगत होती.

मग फॅशन बदलली. बॉर्डर ‘डाउनमार्केट’ झाली. मोठ्या टाइल आल्या, १२ बाय २४, २ बाय ४. शोरूममधले डिस्प्ले बघा. टाइल पॅनलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, भोवती पॅनलची चौकट. घरी मात्र चौकट नसते. ब्रोशरमध्ये संपण्याविषयी अवाक्षर नाही, सेल्समन त्याबद्दल बोलत नाही, मिस्त्रीला कुणी विचारत नाही. कड ही कुणाचीच जबाबदारी उरलेली नाही. म्हणून ती आपण घ्यायची.

सिन्नरला गेलातच तर गोंदेश्वर बघा. यादवकाळातलं भूमिज शैलीचं मंदिर, मधे मुख्य देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार छोटी. सगळे शिखराचे फोटो काढतात. तुम्ही खाली, जोत्याकडे बघा. कुठलाही थर सरळ कापून सोडलेला दिसणार नाही. कुठे गोलाई आहे, कुठे सुरीसारखी धार, कुठे आत गेलेली खोबण. एक थर संपून दुसरा सुरू होतो ती प्रत्येक जागा घडवलेली आहे. दगडाचा सरळ काटकोन आधी फुटतो, पाणी ओघळायला वाट लागते, सावलीशिवाय भिंत सपाट दिसते; ही सगळी गणितं त्या कारागिरांना पाठ होती. त्यांच्याकडे अँगल ग्राइंडर नव्हता, एवढाच फरक.

असो. आता आपल्या ओट्याकडे.

पहिला निर्णय पट्टीचा नाही. पहिला निर्णय टाइल कुठे थांबवायची याचा. माझं स्पष्ट मत असं की जी कड दिसतच नाही, तिच्यासारखं फिनिशिंग नाही. टाइल आतल्या कोपऱ्यापर्यंत गेली की कड संपली. वरच्या कपाटांच्या खाली गेली की वरची कड झाकली. खिडकीच्या ग्रॅनाइटच्या चौकटीला टेकली की तिथलाही प्रश्न मिटला. बिल्डर लोक ओट्यावर दोन फूट डॅडो देतात आणि वरची कपाटं साधारण वीस ते चोवीस इंचांवर सुरू होतात. म्हणजे दोन-तीन इंच इकडे-तिकडे केले तर वरची अख्खी कड कपाटामागे जाते. पण त्यासाठी टाइलवाला आणि मॉड्युलर किचनवाला यांची एकदा तरी भेट व्हायला हवी. आपल्याकडे हे दोघे एकमेकांना फक्त शिव्या घालण्यापुरते ओळखतात.

बाजूची कड जास्त अवघड. ओटा संपतो तिथेच टाइल संपवायची की पुढे न्यायची? ओट्याच्या ग्रॅनाइटची कड आणि टाइलची कड एका सरळ उभ्या रेषेत आली तर डोळ्याला बरं वाटतं. टाइल ओट्याच्या पुढे तीन इंच आली तर ती उरलेली वाटते, तीन इंच अलीकडे थांबली तर कमी पडलेली. फ्रिजची जागा लगेच पुढे असेल आणि नंतर भिंतीचा कोपरा असेल, तर सरळ फ्रिजमागूनही टाइल न्या. चार-पाच टाइल जास्त लागतील, पण कडच राहणार नाही.

आणि एक गोष्ट मिस्त्रीला सुरुवातीलाच सांगा. कारखान्यातून आलेली कड बाहेर, कापलेली कड कोपऱ्यात! वाचायला फालतू वाटतं, पण निम्मी किचनं इथेच फसतात. मिस्त्रीला कोपऱ्यातून सुरुवात करणं सोपं पडतं. पूर्ण टाइल लावत लावत तो बाहेर येतो आणि शेवटी, अगदी दर्शनी जागी, कापलेला तुकडा बसवतो. उलट करायला सांगितलं की तो म्हणेल, ‘भिंत गुण्यात नाहीये.’ म्हणजे कोपरा काटकोनात नाही. खरंच नसतो. कुठल्याच फ्लॅटमध्ये नसतो. म्हणून तर वाकडेपणा लपवणारा तुकडा कोपऱ्यात हवा आणि दर्शनी बाजूला ओळंबा लावून सरळ कड हवी.

आता पट्ट्यांकडे येऊ. हल्ली हार्डवेअरच्या दुकानात ‘टाइल प्रोफाइल’ किंवा ‘टाइल ट्रिम’ मागितलं की अॅल्युमिनियमच्या, स्टीलच्या आणि पीव्हीसीच्या पट्ट्या समोर येतात. हे प्रकरण जर्मनीतलं. इझरलोन गावचे वेर्नर श्लूटर हे स्वतः टाइल बसवणारे कारागीर. कडा फुटतात या रोजच्या कटकटीतून त्यांनी १९७५ मध्ये ‘एल’ आकाराची धातूची पट्टी काढली. कल्पना इतकी साधी की आपल्याला कशी नाही सुचली असं वाटावं. पट्टीचा एक पाय आडवा, त्याला भोकं. तो टाइलच्या खाली अॅडेसिव्हमध्ये रुततो आणि भोकांमधून अॅडेसिव्ह वर येऊन त्याला धरून ठेवतो. दुसरा पाय टाइलच्या कडेला उभा. बाहेरून दिसते ती फक्त बारीक, सरळ रेघ. मातीही दिसत नाही आणि खपलीही उडत नाही.

पण ती टाइलच्या आधी बसते, नंतर नाही. शिवाय मापाची भानगड आहेच. पट्ट्या ८, १०, १२ मिलिमीटर अशा उंचीत मिळतात. दुकानात जाताना टाइलचा तुकडा बरोबर न्या आणि लावून बघा. पट्टी टाइलच्या बरोबरीने किंवा केसभर वर चालेल. टाइल पट्टीच्या वर आली तर पैसे पाण्यात, कारण उघडी कड पुन्हा तिथेच. टाइल सिमेंटच्या जाड मालावर बसवणार असाल तर या पट्टीचा खेळ जमत नाही. ती अॅडेसिव्हसाठी आहे. अॅल्युमिनियमवर सिमेंट सांडलं तर तिथल्या तिथे पुसायला सांगा, नंतर डाग जात नाहीत. सिंकजवळ स्टील घ्या. आणि तो मॅट ब्लॅक रंग इन्स्टाग्रामवर कितीही देखणा दिसो, आपल्याकडे घासायला तारेची घासणी असते. गॅसमागच्या भागात वर्षभरात काळ्यातून चंदेरी डोकावायला लागेल.

दुसरा उपाय आपला देशी आणि माझा लाडका. ग्रॅनाइटची पट्टी. ओट्याचा दगड कापताना बाजूला पडलेल्या पट्ट्या असतातच. त्यातलीच दोन-अडीच इंच रुंदीची पट्टी, दिसणाऱ्या कडेला ‘हाफ राउंड’ मोल्डिंग आणि पॉलिश मारून, टाइलच्या शेवटाला उभी लावायची. ओट्याच्याच रंगाची असल्याने ठरवून केल्यासारखी दिसते. उष्णता, तेल, घासणी, सगळं सोसते. मोल्डिंगचे पैसे रनिंग फुटावर घेतात, म्हणून आधी मोजून घ्या. सिन्नरच्या मैत्रिणीचं किचनही यानेच सुटलं. टाइल बसून दोन महिने झाले होते, तरी जुनं व्हाइट सिमेंट खरवडून, भिंतीचा रंग तेवढ्या पट्ट्यात उतरवून, काळ्या ग्रॅनाइटची उभी पट्टी चिकटवता आली. पट्टी टाइलपेक्षा जाड होती, त्यामुळे लाल माती पूर्ण झाकली. नंतर करता येण्यासारख्या उपायांत हा सगळ्यात प्रामाणिक.

तिसरा उपाय म्हणजे ‘फोर्टी-फाइव्ह मारून देतो’. बाहेर आलेला कोपरा असेल, म्हणजे कॉलमचा किंवा खिडकीच्या वळणाचा, तर दोन टाइलच्या कडा तिरक्या घासून एकमेकींना भिडवायच्या. नीट जमलं तर एकसंध दगडासारखं दिसतं. आर्किटेक्ट मंडळी यावर फिदा. पण ही कारागिरी व्हिट्रिफाइड टाइलवर, तीही आरपार एकाच रंगाच्या फुल बॉडीवर, शोभते. लाल मातीच्या साध्या टाइलवर ग्लेझची धार इतकी पातळ होते की पहिल्या भांड्याला उडते. धार अगदी सुरीसारखी न करता टोकाला मिलिमीटरभर सपाटी ठेवायची आणि सांध्यात एपॉक्सी भरायचं, हे माहीत असलेला मिस्त्री मिळाला तरच या वाटेला जा.

आणि हे घासण्याचं काम कुठे चालतं, ते एकदा बघून या. बाल्कनीत नाहीतर बंद बेडरूममध्ये, अँगल ग्राइंडरवर, कोरडं. तोंडाला रुमाल. पाच मिनिटांत खोली धुक्यासारखी होते. मिस्त्री, त्याचा हाताखालचा पोरगा, दोघेही पांढरे. ती नुसती धूळ नसते, तिच्यात सिलिका असते. बारीक सिलिका फुफ्फुसात जाऊन बसली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. रुमालाने ती अडत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून इंजिनिअर्ड स्टोनवर, म्हणजे आपण हौसेने ‘क्वार्ट्झचा ओटा’ म्हणतो त्यावर, बंदी घातली ती तो कापणाऱ्या कामगारांच्या याच आजारामुळे. टाइलमध्ये सिलिका त्यापेक्षा कमी असते, पण असतेच. ‘फोर्टी-फाइव्ह’ हे अख्ख्या किचनमधलं सगळ्यात धुळीचं काम, कारण टाइल नुसती कापायची नसते, कडभर घासत बसायची असते.

म्हणून आपल्या हौसेचा हिशेब करताना हेही धरा. पाणी सोडून कापणारं मशीन मिळतं. सरळ काप हाताच्या कटरने, रेघ मारून मोडूनही होतो, त्यात धूळ जवळजवळ नाहीच. घासायचंच असेल तर मोकळ्यावर, पाणी मारत आणि चांगल्या प्रतीचा मास्क लावून. मास्क तुम्ही आणून द्या. दोन हजाराचा डिनर सेट ऑर्डर करताना विचार न करणाऱ्यांनी इथे भाव करू नये. मिस्त्री ‘काही होत नाही मॅडम, सवय आहे’ म्हणेलच. फुफ्फुसांना सवय होत नसते. तुमच्या किचनमध्ये बाहेरचे कोपरे चार असतील आणि प्रोफाइलने काम भागत असेल, तर तो ‘सीमलेस लुक’ सोडून द्यायला काय हरकत आहे?

आणखी एक देखणा प्रकार आहे, पण तो फक्त घर उघडंबोडकं असतानाच जमतो. टाइलच्या जागेचं प्लास्टर तेवढं खोल घ्यायचं, म्हणजे टाइलचं तोंड आणि रंगवलेली भिंत एका पातळीत येतात. मधे सात-आठ मिलिमीटरची खाच, ‘ग्रूव्ह’. कठडा नाही, पट्टी नाही, फक्त सावलीची एक रेघ. जुनी टाइल फोडून नवी बसवणाऱ्यांना ही संधी आयती मिळते, कारण तिथलं प्लास्टर निघतंच. मात्र गॅसच्या जवळ ही खाच नको. तिच्यात तेलकट धूळ भरते आणि टूथब्रश घेऊन बसायची वेळ येते.

लाकडी बीडिंगबद्दल एवढंच सांगते की टीव्हीच्या भिंतीला लावा. चिकटवायच्या पीव्हीसी पट्ट्याही स्वस्त आणि मस्त वाटतात, पण गॅसच्या उष्णतेने त्यांचा गोंद सुटतो आणि त्या केळीच्या सालीसारख्या वळतात.

ज्यांची टाइल आधीच बसलेली आहे, भाड्याचं घर आहे, ग्रॅनाइटची पट्टी लावणं शक्य नाही, त्यांच्यासाठी एक रविवारचा उद्योग. कडेवरचे सिमेंटचे फुगे सॅंडपेपरने घासून काढा (दोन थेंब पाणी मारून, वरचा परिच्छेद आठवा). कड कोरडी करा. टाइलच्या तोंडावर आणि भिंतीवर, दोन्हीकडे मास्किंग टेपची सरळ रेघ लावा. मधल्या जागेत रंग देता येणारा अॅक्रिलिक सीलंट भरा आणि ओल्या बोटाने एकाच ओढीत उतार द्या. सीलंट ओला असतानाच टेप काढा, नाहीतर कड फाटते. वाळल्यावर भिंतीच्या रंगाचा सॅटिन किंवा ऑइलपेंट मारा. प्लास्टिक पेंट नको, त्यावर हळद बसते. ही व्यवस्था कायमची नाही, पण ती लाल माती आणि ते फुगे नजरेआड होतात आणि तेल आत जायचं थांबतं.

किती पट्टी लागेल? मोजणी सोपी आहे. समजा ओट्याची लांब बाजू आठ फूट, आखूड पाच फूट, टाइल दोन फूट उंच, एक टोक भिंतीत आणि एक उघडं. वरची कड तेरा फूट, उघड्या टोकाची दोन, एकूण पंधरा. वर सहा फूट कपाट आलं तर उरली नऊ. साधारण आठ फुटी पट्टी मिळते, म्हणजे दोन. खिडकी असेल तर तिच्या उभ्या बाजू धरा. हा आकडा टाइलच्या ऑर्डरबरोबरच कागदावर लिहा आणि दुकानात तिथेच पट्टी घ्या. ‘नंतर बघू’ म्हटलं की नंतर व्हाइट सिमेंटच येतं.

कागदावर आणखी एक रेघ काढा. टाइल कुठून सुरू, कुठे थांबणार, पूर्ण टाइल कुठे, तुकडा कुठे. ड्रॉइंग येत नसलं तरी चालेल. तो कागद मिस्त्रीला द्या आणि पहिली रांग लागताना अर्धा दिवस सुटी घेऊन समोर थांबा. फ्लॅटच्या पझेशनला सुटी घेतो, पूजेला घेतो, मग या अर्ध्या दिवसाने बॉस रागावणार नाही. चहा मात्र तुम्ही करायचा, अजून सिलिंडर आलेला नसला तरी.

शेवटची कड राहिली. टाइल खाली ओट्याला टेकते ती. तिला कुणी कडच समजत नाही, म्हणून तिथे सर्रास व्हाइट सिमेंट भरतात. ओटा आणि भिंत या दोन वेगळ्या वस्तू. भांडी आपटतात, दगड तापतो-निवतो, सूक्ष्मसं हलणं चालूच असतं. सिमेंट ताठ, ते तडकतं. मग त्या चिरेतून पाणी मागे, ओट्याखालच्या कपाटाला बुरशी आणि रात्री झुरळांची वर्दळ. इथे बुरशी न धरणारा सिलिकॉन सीलंट भरा. तो लवचिक असतो, ओट्याबरोबर हलतो. जुनं सिमेंट टोकदार सुरीने काढा, जागा पूर्ण कोरडी होऊ द्या, टेप लावा, भरा, बोट फिरवा, टेप काढा. आणि चोवीस तास तिथे पाणी नको. म्हणजे त्या संध्याकाळी भांडी नाहीत, स्वयंपाक नाही. शनिवारी दुपारी हे काम काढलं तर रविवारी सकाळी मिसळ खायला बाहेर जायला आयतं निमित्त मिळतं.